यंत्रामागे कुणी नाही

चामराजपेट, बेंगळुरू
९ जानेवारी २०२५

शरत,

तू फोन उचलत नाहीस. मेसेजपुढे एकच टिक राहते. तुझ्या कंपनीच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, धरणाच्या कॅम्पवर टपालाची थैली जाते, रस्ता उघडा असला तर. म्हणून कागद.

आधी कामाचं. डिसेंबरपासून पार्टी चीफ मी आहे. तू सोडून गेलास ती जागा. माझ्याकडे मोजणीच्या तीन पार्ट्या आहेत. मोठी सर्जापूर रोडवर. रस्ता रुंद करणार आहेत, म्हणून कंपाउंडच्या भिंती, गटारं, विजेचे खांब, झाडं, दुकानांच्या पायऱ्या, सगळं मोजायचं. यंत्रावर पवित्रा असते. तू तिला पाहिलेलं नाहीस. डिप्लोमा करून आली आहे, होसकोटेची, हात स्थिर आहे. काठीवर तुझे वडील.

हो, अजून तेच. भिंतीच्या कोपऱ्यावर काठी टेकवतात, ती सरळ राहावी म्हणून तिच्यावरच्या काचेतला बुडबुडा मधे आणतात, वरचा प्रिझम यंत्राकडे करतात आणि यंत्रावरून हात वर होईपर्यंत हलत नाहीत. पार्टीतले सगळे त्यांना आप्पाजी म्हणतात, पवित्राही. सासरे माझे आहेत हे तिला महिनाभर माहीत नव्हतं. कळल्यावर म्हणाली, "अक्का, मग घरीही असेच उभे राहतात का?"

तू त्यांना सगळ्यांसमोर घरी बसायला सांगितलंस, त्यानंतर ते तुझं नाव घेत नाहीत. तूही पत्रात त्यांचं नाव घेणार नाहीस. मला दोघांचं नाव घ्यावं लागतं.

तब्येत बरी आहे. साखर ताब्यात आहे. गेल्या आठवड्यात एक पाण्याचा टँकर त्यांच्या जरा जवळून गेला. काही झालं नाही. हे वाक्य खोडणार होते, पण खोडलं तर तू खोडलेलं वाचत बसशील.

एक विचारायचं आहे. आई असताना त्यांनी कधी आप्पाजींच्या कानांविषयी काही म्हटलं होतं का?

दिव्यश्री


चामराजपेट
२६ जानेवारी

शरत,

टँकरचं सगळं लिहिलं नव्हतं.

तो एका अपार्टमेंटच्या फाटकातून मागे येत होता. आप्पाजी फाटकाच्या खांबाशी काठी धरून उभे, पाठ टँकरकडे, तोंड यंत्राकडे. मागे येताना टँकर जे गाणं वाजवतो ते वाजत होतं. क्लीनर पत्र्यावर हात आपटत होता. पवित्रा वॉकी-टॉकीत ओरडत होती, मी रस्त्याच्या पलीकडून ओरडत होते. ते पवित्राकडे बघत राहिले. त्यांच्या दृष्टीने तिचा हात अजून वर झाला नव्हता. टँकर थांबला तेव्हा त्याचा मागचा पाइप त्यांच्या नारिंगी जाकिटाला टेकला होता.

ड्रायव्हर उतरला. "ए अज्जा, किवुडा का तू? बहिरा आहेस?"

आप्पाजी त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "माझा पॉइंट हलवलास. आता तुझा बाप येऊन मोजणार का पुन्हा?"

सगळे हसले. ड्रायव्हरही हसला. मी पलीकडे दुभाजकावर खाली बसले होते.

नंतर त्यांना विचारलं. म्हणाले, टँकर बघितला होता, मोजणी चालू होती म्हणून हललो नाही. त्यांच्या पाठीला डोळे नाहीत.

सोमवारी मी त्यांच्या वॉकी-टॉकीतली बॅटरी काढून ठेवली. दिवसभर ते तो सेट गळ्यात घालून फिरले. पवित्राने बोट दाखवलं की सेट तोंडाशी न्यायचे आणि ऐकू आल्यासारखा होकार द्यायचे, "सरी, सरी." पुढच्या कोपऱ्यावर गेले की पुन्हा, "सरी." पहिल्यांदा पवित्रा हसली. जेवणानंतर हसली नाही.

यंत्रावर मी होते ती सगळी वर्षं आम्ही हातांनीच बोलायचो. हात डावीकडे, उजवीकडे, वर. आपल्या कामात माणूस दूर असतो. दूरच्या माणसाला ऐकू येतं का, हे कुणी विचारत नाही. घरी ते ओठ बघतात. मी भाजी चिरताना खाली मान घालून बोलले तर उत्तर येत नाही, हे आता लक्षात येतं. मला वाटायचं, रागावलेत.

काल विचारलं, समोर बसून.

"आप्पाजी, कान दाखवू या का?"

"दाखव की. दोन आहेत."

"डॉक्टरांना."

"डॉक्टर काय मला काठी धरायला शिकवणार?"

"मशीन मिळतं. छोटं असतं."

"कानात बटण घालून रस्त्यावर उभा राहू? रघुजी काय म्हणेल?" रघुजीमामांना दोन्ही कानांत मशीन आहे. मी ते सांगितलं. "म्हणूनच," ते म्हणाले.

ऑफिसला सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्याच दिवशी ते घरी. आई गेल्यावर ते घरी बसले होते ते तुला आठवत असेल. समोरच्या कपाटाकडे बघत बसायचे, ताट पुढे ठेवलं तर ताटाकडे. तूच त्यांना पुन्हा कामावर घेऊन आलास. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन वेळा भात मागून घेतला होता.

पवित्राला मी सांगून ठेवलं आहे: आधी त्यांच्या मागे बघायचं, मग यंत्रात. ती तसं करते. सध्या हेच त्यांचे कान.

तू एकदा त्यांना लिही. माझं ऐकणार नाहीत. तुझं ऐकतील असंही नाही, पण मग निदान मी सगळे उपाय केले असं होईल.

दि.


सर्जापूर रोड, साइटवरून
१६ फेब्रुवारी

शरत,

रविवार आहे, तरी काम चालू आहे. सोसायटीच्या भिंतीपाशी सावलीत बसून लिहिते आहे. इथून ते दिसतात.

नवीन यंत्र आलं. तुमच्याकडे असेल. आपलं आपण वळतं, काठीवरचा प्रिझम शोधतं आणि तो जाईल तिकडे बघत राहतं. यंत्रावर माणूस लागत नाही. काठीला एक छोटी स्क्रीन अडकवली आहे. आप्पाजींनी काठी टेकवायची, बुडबुडा बघायचा आणि हिरवं बटण दाबायचं. दोन दिवसांत शिकले. मला म्हणाले, "आता मीच यंत्र, मीच काठी." खूश आहेत. पवित्राला देवनहळ्ळीच्या साइटवर पाठवलं. शंभूराज जीप चालवतो, तो यंत्राशेजारी खुर्ची टाकून बसतो, कुणी उचलून नेऊ नये म्हणून. फोनवर क्रिकेट बघतो. त्याचं काम यंत्राकडे बघायचं आहे. आप्पाजींकडे बघायचं नाही.

आप्पाजी अजून यंत्राकडे तोंड करून उभे राहतात. त्याची गरज नाही, पण पाय आपोआप तसे वळतात. पाठ गाड्यांकडे. यंत्र फिरतं, त्यांच्यावर येऊन थांबतं. ते मान हलवतात. कुणाला हलवतात ते मला कळत नाही.

मी यशोवर्धनकडे गेले. आमचा नवा मॅनेजर. पुण्याचा, मागच्या वर्षी आलाय. माणूस वाईट नाही.

"मला सर्जापूरला एक माणूस जास्त हवा. झेंडा घेऊन काठीच्या मागे उभं राहायला."

"दिव्यश्री, लिसन. रोबोटिक कशासाठी घेतलं? मॅनपॉवर कमी करायला ना? आणि तू परत माणूस मागतेस. क्लायंटला काय सांगू मी?"

"रस्ता धोक्याचा आहे."

"सगळ्याच साइट्स रिस्की आहेत, यार. काही स्पेसिफिक इश्यू आहे का?"

त्याने पेन खाली ठेवून विचारलं. खरंच विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

बाकीच्या दोन साइटवर असते तेव्हा फोन हातातच असतो. अनोळखी नंबर आला की आधी श्वास घेते, मग उचलते. बहुतेक वेळा कर्ज हवं का विचारणारे असतात. परवा व्हाइटफील्डला रुग्णवाहिका गेली. सर्जापूर तिथून किती लांब आहे मला माहीत आहे, तरी मी शंभूराजला फोन लावला. तो म्हणाला, "आहेत की अक्का, उभे आहेत." मी म्हटलं, त्यांच्या मागे काय आहे? तो म्हणाला, "मागे? मागे रस्ता आहे."

रोज सकाळी डबा भरताना ठरवते की आज सांगायचं, येऊ नका. ते बूट घालून दारात उभे असतात. एकदा म्हणालेही. त्यांनी ओठ वाचले, नीट वाचले.

"तुला वाटतं मी पडेन."

"हो."

"पडलो तर पॉइंट घेऊन पडेन. चल, उशीर होतोय."

आता एक बस त्यांच्या अगदी मागे थांबली. थांबा आहे तिथे. मला माहीत आहे थांबा आहे. शाई पसरली असेल तर त्यामुळे.

तू काहीतरी लिही. काहीही.

दि.


चामराजपेट
९ मार्च

शरत,

तुझी चिठ्ठी आली. "त्यांना काढून टाक." एवढंच, आणि खाली सही. ऑफिसच्या कागदावर करतोस तशी, पूर्ण. मी पाकीट उलटं करून झटकलं. मागे काही नव्हतं.

त्यांना काढलं आहे. ऑफिसला कळलं. यशोवर्धनने २७ तारखेला, गुरुवारी, त्यांचं नाव काढलं. वर्षानुवर्षांचा माणूस म्हणून शाल दिली, फोटो काढला. फोटोत ते कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, फोटोग्राफरच्या ओठांकडे बघताहेत.

मग मी त्यांना बसने घरी आणलं. मार्केटला उतरून चालत आलो. शाल त्यांनी केळ्यांच्या गाडीवरच्या बाईला देऊन टाकली. ती घेईना. "घे अक्का," ते म्हणाले, "माझी अजून थंडी वाजायची वेळ झालेली नाही."

घरी आल्यावर त्यांनी बूट काढले, पुसले, फळीवर ठेवले. मग मला समोर उभं केलं.

"ऑफिसला कुणी सांगितलं?"

मी तोंड फिरवून बोलले. खिडकीकडे बघून. काय बोलले ते त्यांना दिसलं नाही, आणि म्हणून सगळं कळलं.

वर मी लिहिलं आहे की ऑफिसला कळलं. मी सांगितलं. तुझी चिठ्ठी पर्समध्ये घेऊन गेले आणि यशोवर्धनसमोर बसले. त्याने ऐकून पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "मी तुला विचारलं होतं, दिव्यश्री." एवढंच म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं.

तुझ्यामुळे केलं असं समजू नकोस. चिठ्ठी आली त्याच दिवशी एक टेम्पो त्यांच्या कोपराला घासून गेला होता. शर्टाची बाही फाटली. संध्याकाळी ती शिवायला घेतली तेव्हा शंभूराजचा फोन आला आणि मला कळलं. ते खिळ्याला अडकली म्हणाले होते.

आता ते माझ्याशी बोलत नाहीत. ओठांकडेही बघत नाहीत. मी बोलते आणि ते भिंतीकडे बघतात. घरात एकच माणूस बोलत असलं की आपला आवाज किती मोठा आहे ते कळतं.

पण बसून राहिलेले नाहीत. मला त्याची भीती होती. दोन-तीन दिवस राहिले, मग सकाळी बाहेर पडायला लागले. जाताना डबा उचलून नेतात. उद्यानात रघुजीमामांबरोबर बसत असतील. रात्री भात मागून घेतात. मी काही विचारत नाही. रस्त्यावर नाहीत, एवढं मला पुरे आहे.

या आठवड्यात मला झोप लागते.

दि.


चामराजपेट
३० मार्च, युगादी

शरत,

सकाळी कडुलिंब-गूळ त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात पुढे केला. तळव्यावर लाल रंग होता. नखांत, बोटांच्या फटीत. साबणाने घासूनही जात नाही तो रंग. आपण पॉइंटवर मारतो तोच.

त्यांनी गूळ खाल्ला, हात धोतराला पुसला. सणाचं जेवण केलं. जेवताना मी त्यांच्या हातांकडे बघत होते, आणि मी बघते आहे हे ते बघत होते.

खरं म्हणजे मला आधीच माहीत होतं. रंग मी मंगळवारी पाहिला. बुधवारी त्यांच्या मागे गेले.

ते मार्केटहून बसमध्ये चढले, मी मागच्या दाराने. सिल्क बोर्डला बस रिकामी झाली तेव्हा वाटलं आता मागे बघतील. बघितलं नाही. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या अलीकडे उतरले. वरून उड्डाणपूल जातो आणि खाली होसूर रोड, तिथे सर्व्हिस रोडच्या कडेला एक जीप उभी होती. त्यांनी पिशवीतून जाकीट काढलं. आपलंच जाकीट होतं, आपल्या कंपनीचं नाव ब्लेडने खरवडून काढलेलं. काठी घेतली. खांबापाशी गेले, टेकवली, बुडबुडा बघितला आणि यंत्राकडे तोंड करून उभे राहिले.

तिथलं यंत्रही आपलं आपण वळणारं. त्याच्या मागे कुणीही नव्हतं. शेजारी जाळी लावून कुलूप घातलं होतं.

त्यांच्या पाठीमागून कंपन्यांच्या बस जात होत्या. सर्जापूरला गाड्या अडकून तरी पडतात. इथे त्या सुटतात.

पार्टी चीफ रविकिरण म्हणून आहे, तुमकूरचा. मी माझं नाव आणि कंपनी सांगितली. त्याला वाटलं माणसं पळवायला आलेय.

"काठीवरचे ते कसे आहेत?" मी विचारलं.

"सूपर आहेत, मॅडम. एकदम स्टेडी. फोन नाही, बिडी नाही, उलट बोलणं नाही. असे आणखी दोन असतील तर पाठवा."

"त्यांना ऐकू येत नाही."

तो हसला. मग हसायचा थांबला. "अजिबात?"

"अजिबात."

"अय्यो. सकाळपासून मी त्यांना मागून हाका मारतोय, वाटलं म्हातारा मिजासखोर आहे." त्याने टोपी काढली, घातली. "आजच सोडतो मग. मला पोलीस केस नको, मॅडम. मला लहान मुलगी आहे."

मी म्हणाले, सोडू नका.

शरत, हे माझ्या तोंडून आलं. त्याआधी मी असं काही ठरवलेलं नव्हतं.

"सोडलंत तर तिसरीकडे जातील," मी म्हणाले. "ही बस मला सापडली. तिसरी सापडायची नाही."

"मग मी काय करू, हेळी. तुम्हीच सांगा."

"त्यांच्या मागे झेंडा घेऊन माणूस उभा करा."

"माणूस कुठे आहे? सगळे युगादीला गावी गेलेत. आलेत ते रंग मारतात. तुम्ही उभ्या राहता का?"

टोमणा होता. पलीकडे एक बस त्यांच्या इतकी जवळून गेली की जाकिटाची टोकं उडाली. ते बटण दाबत होते. बटण दाबून त्यांनी यंत्राकडे बघून मान हलवली.

"राहते," मी म्हणाले.

दि.


चामराजपेट
१३ एप्रिल

शरत,

रजेवर आहे. यशोवर्धनला घरचं काम सांगितलं. ते खोटं नाही. माझ्या तिन्ही साइट पवित्रा बघते. रोज संध्याकाळी फोन करून पॉइंट किती झाले ते सांगते आणि शेवटी विचारते, "आप्पाजी?" मी म्हणते, आहेत.

ते निघाले की मी मागच्या बसने जाते. हेल्मेट, तोंडाला मास्क, रविकिरणचं हिरवं जाकीट. लाल झेंडा घेऊन त्यांच्या मागे उभी राहते, तोंड गाड्यांकडे. आमच्या पाठी एकमेकींकडे असतात. त्यांना ऐकू येत नाही आणि ते मागे वळून बघत नाहीत, त्यामुळे मी कुठेच नसते. ते पुढच्या खांबाकडे निघाले की मी निघते. त्यांची सावली पुढे सरकली की मला कळतं.

पहिल्या दिवशी मला फार भीती वाटली. त्यांच्यासाठी नाही, आधी माझ्याचसाठी. बसवाले झेंडा बघतात पण वेग शेवटच्या क्षणाला कमी करतात, तोपर्यंत त्यांचा चेहरा दिसतो. एकाच्या गळ्यात लाल दोरा होता. एक जण जांभई देत होता. इतकी वर्षं आप्पाजी या सगळ्याकडे पाठ करून उभे आहेत. मला वाटायचं त्यांना ते कळत नाही म्हणून ते उभे राहू शकतात. आता वाटतं, त्यांना कळतं. काठीवरच्या स्क्रीनची काच थरथरते, जमीन थरथरते, बुडबुडा हलतो. बुडबुडा तर ते सारखे बघत असतात.

गुरुवारी एक रिक्षा उलट्या बाजूने आली. मी झेंडा खाली घातला, तिच्या समोर उभी राहिले, काय ओरडले ते आठवत नाही. रिक्षा माझ्या गुडघ्यापाशी थांबली. रिक्षावाला म्हणाला, "बाई, मरायचं असेल तर मेट्रोचं काम चालू आहे तिकडे जा, इथे मला भाडं आहे." मी त्याला सॉरी म्हणाले. मागे बघितलं तर आप्पाजी पुढच्या खांबावर पोचले होते.

रात्री त्याच माणसाला मी भात वाढते. तो माझ्याकडे बघत नाही. दिवसभर मी त्याच्या पाठीला पाठ लावून उभी होते, हे सांगता येत नाही. सांगितलं तर तो ती बस सोडेल.

काल जेवताना ते बोलले. दीड महिन्यानंतर. ताटाकडे बघून.

"झेंडा खांद्याच्या वर धर. उंच बसवाल्याला खालचा दिसत नाही."

माझ्या हातात डाव होता. मी म्हणाले, "कधी कळलं?" ते ताटाकडेच बघत होते, त्यामुळे त्यांना ते दिसलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही. रविकिरणने सांगितलं असेल. किंवा कुणी सांगावं लागलं नसेल.

मग मी ताटापुढे हात आपटला. त्यांनी वर बघितलं.

"मंगळवारी माझी रजा संपते," मी हळू बोलले, ओठ नीट हलवून. "बुधवारपासून मी नाही. मागे कुणी नसेल तर जाऊ नका. एवढं तरी."

ते माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं वाचता आलं नाही.

"त्याला लिही," ते म्हणाले.

"कुणाला?"

"लिहितेस ना तू त्याला. लिही की झेंडा धरायला माणूस हवा आहे." त्यांनी ताक भातावर ओतलं. "काठी मिळायची नाही. झेंडा."

"आणि तो येईपर्यंत?"

"येईपर्यंत घरी बसतो. पण फार दिवस नाही, सांग त्याला."

मग त्यांनी भात मागून घेतला.

बुधवारी सकाळी ते बूट घालतील की नाही मला माहीत नाही. शब्दाचे पक्के आहेत, पण रस्त्याच्या बाबतीत खोटं बोलतात, बाही खिळ्याला अडकते त्यांची. पवित्रा बुधवारी सकाळी त्यांच्या थांब्यावर जाऊन बघणार आहे. गुरुवारी मी. शुक्रवारचं अजून ठरलं नाही. हे पत्र थैलीत टाकणार नाही, कुरिअरने पाठवते आहे. तुमच्या खालच्या गावापर्यंत पोचतं म्हणाले.

तू आलास आणि ते घरी नसले तर थांबू नकोस. मार्केटहून इलेक्ट्रॉनिक सिटीची बस पकड आणि उड्डाणपुलाखाली सर्व्हिस रोडला उतर. ते दिसतील. तिथे उतरलास की त्यांच्या पाठीमागे येशील. तसा जाऊ नकोस, दचकतील, आणि दचकून कुठे पाय टाकतील सांगता येत नाही. रस्ता ओलांड, पुढे जा, आणि यंत्राच्या बाजूने, समोरून ये.

दिव्यश्री